शाईची पिल्लं

मुनव्वर तांबोळींचं बाइंडिंगचं दुकान शनिवार पेठेत, अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली चाळीस त्यांनी पुठ्ठा, दोरा आणि रेक्झिनमध्ये काढली होती. प्रबंध सादर करायचे दिवस आले की दुकानापुढे पोरांची रांग लागायची आणि प्रत्येकाला आपला प्रबंध कालच बांधून हवा असायचा. "चार वर्षं अभ्यास केलात ना, आता चार तास थांबा," असं मुनव्वरभाई सांगायचे, आणि पोरं मुकाट्याने थांबायची.

त्याच गर्दीच्या दिवसांत, फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी शटर वर केलं, तर कटिंग मशीनखाली पडलेल्या कात्रणांत चार पिल्लं वळवळत होती. खळी व्याली होती.

खळी ही दुकानातली मांजर. वर्षापूर्वी कुठूनशी आली तेव्हा मुठीएवढी होती. आली त्याच दिवशी तिने खळीच्या टबात पाय घातला. खळ म्हणजे बाइंडिंगला लागणारी मैद्याची चिकी. तिला कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, आणि मोरचूद विषारी. मुनव्वरभाईंनी तिला नळाखाली धरून धुतलं, आपल्या रुमालाने पुसलं, आणि नाव ठेवून टाकलं. घरी नेता येत नव्हती, कारण बायकोला, हुस्नबानूंना, दमा. मग ती दुकानातच राहिली. पुस्तकांच्या पाठी कुरतडणारे उंदीर तिने महिन्याभरात हद्दपार केले आणि मुनव्वरभाईंच्या स्टुलाशेजारचा रेक्झिनचा गठ्ठा स्वतःच्या मालकीचा करून टाकला.

आता ती त्या गठ्ठ्यावरही नव्हती. वरच्या रॅकवर, अगदी छताला लागून, अंग चोरून बसली होती. खाली पिल्लं ओरडत होती आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू ही कुणाची आणि इथे कशी आली, ह्याचा तिलाच पत्ता नाही.

"अगं, उतर की खाली," मुनव्वरभाई म्हणाले. "तुझीच आहेत."

ती उतरली नाही. त्यांनी पिल्लं उचलून एका खोक्यात ठेवली. बाहेर पोरं आलीच होती. सगळ्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं, फोटो काढले. एका मुलीने तर एक पिल्लू तळहातावर घेऊन व्हिडिओ काढला. मुनव्वरभाईंनाही कौतुक वाटत होतं. त्यांनी टपरीवरून दूध आणलं, कापसाचा बोळा भिजवून पिल्लांच्या तोंडाला लावला. मग कामाला लागले. मशीनचं पातं धाडकन खाली आलं की खळी रॅकवर दचकायची. दोनदा ती खाली उतरली, खोक्यापर्यंत आली, आणि दोन्ही वेळा मशीनच्या आवाजाने परत वर पळाली. ते मुनव्वरभाईंनी पाहिलं होतं. पण सहा प्रबंध संध्याकाळी द्यायचे होते.

संध्याकाळपर्यंत चारातलं एक पिल्लू गार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून विजयमालावहिनी आल्या. दोन दुकानांच्या मधे फक्त प्लायवुडची भिंत. वहिनींचे यजमान यज्ञेश्वर गव्हाणे चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून दुकान त्या एकट्याच चालवत होत्या. वाघोलीच्या शेतकरी घरातल्या, पण तीस वर्षं पेठेत काढल्यामुळे जीभ पेठेची झालेली.

"मुनव्वरभाई," त्या दारातूनच म्हणाल्या, "कालपासून तुमच्या दुकानात कुणीतरी ओरडतंय, आणि ते तुम्ही नाही एवढं मला ओळखता येतं. काय आहे?"

मुनव्वरभाईंनी खोका दाखवला. वहिनी खाली बसल्या. एका पिल्लाच्या पोटाला त्यांनी बोटाची पाठ लावली.

"बर्फ झालंय. काय पाजलंत?"

"दूध. टपरीवरचं."

"गार पिल्लाला दूध? आणि तेही गाईचं? आधी ऊब, मग पोट." त्यांनी मुनव्वरभाईंच्या हातांकडे पाहिलं. "आणि ह्याच हातांनी उचललीत? मोरचुदाच्या?"

मुनव्वरभाईंनी हात पाठीमागे नेले, शाळेतल्या पोरासारखे.

मग वहिनींनी दुकानाचा ताबा घेतला. "मशीन बंद," त्या म्हणाल्या. रांगेतली पोरं कुरकुरली, तेव्हा त्यांनी फक्त मान वळवून विचारलं, "तुमच्या आया बाळंत झाल्या तेव्हा शेजारी लोखंड कापत होते का?" पोरं मागे सरकली. शटर अर्धं खाली आलं. वहिनींनी घरून गरम पाण्याची पिशवी आणली, तिला जुनी सुती साडी गुंडाळली, आणि खोका आडवा करून मशीनपासून दूर, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. पिल्लं हळूहळू कोमट झाली. लक्ष्मी रोडच्या पलीकडे जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथून मुनव्वरभाई पिल्लांची दूधपावडर आणि सुईविना सिरिंज घेऊन आले. ओल्या कापसाने पिल्लांची ढुंगणं पुसायचं काम वहिनींनी त्यांनाच करायला लावलं. "आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते. आई चाटत नाही, म्हणून तुम्ही. लाजताय काय?"

आता खळी. वहिनींनी सुकट परतून आणली होती. तो वास रॅकपर्यंत गेला आणि खळी उतरली. ती खात असताना वहिनींनी एक फडकं तिच्या गालांवरून, मानेवरून, पोटावरून फिरवलं, अगदी सावकाश, आणि तेच फडकं एकेका पिल्लाच्या अंगावर चोळलं.

"तुमचा आणि त्या पोरांचा वास लागलाय ह्यांना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पहिलटकरीण आहे ती. आधीच बावरलेली. तिला तिचा वास ओळखू द्या."

खळीने एक पिल्लू हुंगलं आणि फिस्स केलं. वहिनी हलल्या नाहीत. तिच्या पाठीवर तळवा टेकवून तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने एक पिल्लू तिच्या सडाला लावलं. ती उठून गेली. परत आणलं, परत गेली. असं दिवसभर चाललं. मधूनमधून वहिनी शेजारी जाऊन झेरॉक्स काढून यायच्या आणि पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसायच्या. तिसऱ्या दिवशी तिघांतलं सर्वांत अशक्त पिल्लू त्यांच्या ओंजळीतच गेलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. आणि त्याच दुपारी, उरलेली दोन पिल्लं सडाला लावल्यावर खळी उठली नाही. आडवी झाली. एका पिल्लाच्या डोक्यावरून तिने जीभ फिरवली, थांबली, जणू चव बघतेय, आणि मग चाटतच सुटली. तिच्या गळ्यातली घरघर त्या अंधाऱ्या कोपऱ्यात भरून राहिली.

मुनव्वरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, तुम्ही नसतात तर... एवढं सगळं तुम्हाला माहीत कसं?"

"शिकावं लागलं," वहिनी म्हणाल्या. "आमची शाई आठवते ना तुम्हाला?"

मुनव्वरभाई उगाचच सिरिंज धुवायला वळले.

शाई ही यज्ञेश्वररावांची काळी मांजर. तिला सगळी पेठ ओळखायची. पण तिचं काय झालं हे ह्या जगात एकट्या मुनव्वरभाईंना माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी, अशाच गर्दीच्या दिवसांत, शाईने रात्री कुठूनतरी आत शिरून एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या, बांधून तयार ठेवलेल्या पाच प्रतींवर घाण केली होती. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि पाचही वाया. तो विद्यार्थी रडायला आला, मुनव्वरभाईंनी रात्रभर बसून पुन्हा बांधून दिल्या, आणि सकाळी डोळे चुरचुरत असताना, डोक्यात राख घालून, दाराशी आलेल्या शाईला मानेला धरून पोत्यात घातलं. स्कूटरच्या पायाशी पोतं ठेवून स्वारगेटवरून थेट मार्केट यार्ड गाठलं. तिथे भुसाराच्या गाळ्यांमागे पोत्याचं तोंड सोडलं. उंदीर पोत्याने आहेत इथे, उपाशी मरणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि परत येऊन कामाला लागले. मांजराला त्रास देऊ नये, हे लहानपणापासून घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं. म्हणूनच कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"ती एकाएकी नाहीशी झाली," वहिनी सांगत होत्या. "ह्यांना वाटलं, येईल. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून चिवचिव ऐकू आली. कागदाच्या रिमांमागे तीन पिल्लं. कधी व्याली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. आदल्या दिवसापासून उपाशी होती हो पिल्लं. मग डॉक्टरांकडे धावलो. दर दोन तासांनी सिरिंज. हे आणि मी पाळ्या करायचो. पहिलं पाचव्या दिवशी गेलं. शेवटचं बाराव्या. त्याचे डोळे उघडले होते." त्या खळीकडे बघत होत्या. "हे म्हणायचे, आपण काय केलं तरी आई ती आई. तरी गल्लोगल्ली शोधत फिरायचे. तुमच्याकडूनच तर खळ नेली होती, कागद चिकटवायला."

ते खरं होतं. शाईच्या फोटोच्या झेरॉक्स काढून यज्ञेश्वरराव आले होते. काळ्या मांजराची झेरॉक्स म्हणजे नुसता काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके. "तुम्ही पाहिलीत का हो?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मुनव्वरभाईंनी "नाही बुवा" म्हणून सांगितलं होतं. वर डबाभर खळ दिली होती. दोन कागद तर ओंकारेश्वराच्या बाजूला स्वतः जाऊन चिकटवून आले होते. माळ्यावर पिल्लं आहेत हे यज्ञेश्वरराव तेव्हा बोलले नव्हते; का मुनव्वरभाईंनीच त्या दिवसांत शेजारी जाणं टाळलं होतं म्हणून त्यांच्या कानावर आलं नाही, कोण जाणे.

त्या संध्याकाळी घरी त्यांना जेवण गेलं नाही. हुस्नबानूंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट बाजूला सारून समोर बसल्या, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. घरात ते दोघं दखनीत बोलत. हुस्नबानूंनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "मेरेकू बोल के क्या फायदा? जिनकू बोलना है, उनकू बोलो."

"बोलूंगा," मुनव्वरभाई म्हणाले.

पण उद्याचं परवावर गेलं. वहिनी दिवसातून तीनदा यायच्या. सकाळी आल्या की आधी हात धुवायच्या, मग खोक्यापाशी बसायच्या. दोन्ही पिल्लांचं वजन त्या घरच्या छोट्या काट्यावर करायच्या आणि "वाढलं!" म्हणून सांगायच्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा की मुनव्वरभाईंना यज्ञेश्वरराव गेल्यापासून तो तसा पाहिल्याचं आठवत नव्हतं. खळीसाठी बोंबील, खळीसाठी अंड्याचं पिवळं. बोलता बोलता त्या नवऱ्याच्या गोष्टी सांगायला लागल्या. ते गिऱ्हाइकांचे प्रबंध झेरॉक्स काढता काढता वाचायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायचे, मग गिऱ्हाईक पळायचं. दोघंही हसायची. हसून झालं की मुनव्वरभाई पुन्हा पुठ्ठे मोजायला लागायचे. आज नको, असं ते ठरवायचे. पिल्लं अजून कोवळी आहेत. वहिनींनी रागाने येणं बंद केलं तर पिल्लांचं काय होईल? जरा सावरू देत.

हे कारण त्यांना स्वतःला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच त्याची लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी एका पिल्लाचे डोळे उघडले. अकराव्या दिवशी दुसऱ्याचे. दुपारची वेळ, पेठ सामसूम, शटर अर्धं खाली. वहिनींनी पिल्लू उचलून उजेडाकडे धरलं.

"बघा तरी. निळे आहेत," त्या म्हणाल्या. "आज हे हवे होते. एवढं एक पिल्लू जगलेलं ह्यांनी बघायला हवं होतं. ती तीन पिल्लं त्यांच्या मनातून कधी गेलीच नाहीत. शेवटी शेवटी दवाखान्यातसुद्धा म्हणाले, आपलं दूध घट्ट झालं असेल का गं? आपल्याच हातून काही चुकलं असेल का?"

मुनव्वरभाई स्टुलावरून उठले. मग काय करावं हे न सुचून पुन्हा बसले.

"वहिनी, चूक तुमची नव्हती. शाईला मी नेलं होतं."

वहिनींनी पिल्लू खाली ठेवलं नाही. "कुठे?"

"मार्केट यार्डात. पोत्यात घालून. तिने प्रबंध खराब केले होते, माझं डोकं फिरलं होतं. पिल्लांचं मला खरंच माहीत नव्हतं, अल्लाची शपथ. माहीत असतं तर..."

"दूध उतरलेलं असणार तिला," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ओल्या बाळंतिणीला पोत्यात कोंबताना हाताला लागलं नाही तुमच्या?"

मुनव्वरभाईंना आठवलं. तिचं पोट ओलसर लागलं होतं. तिने घाबरून मुतलं असं समजून त्यांनी पँटला हात पुसला होता. हे ते बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून वहिनींना कळलं असावं.

"ती परत यायला निघाली असेल," वहिनी म्हणाल्या. "पिल्लं इथे होती तिची. बसून राहिली नसेल ती तिथे. तो स्वारगेटचा रस्ता, त्या बसगाड्या..."

त्यांनी पिल्लू खळीजवळ ठेवलं, खळीने त्याला पुढच्या पायाने ओढून घेतलं.

"आणि आठ वर्षांचं सोडा, पण मला हे निदान आठ दिवसांपूर्वी कळलं असतं, मुनव्वरभाई. त्या दिवशी मी शाईचं सांगितलं, तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, तुम्ही येणं बंद कराल. मग ह्या पिल्लांना कोण..."

वहिनींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"म्हणजे तुमच्यावरच्या रागापायी मी ही पिल्लं टाकून गेले असते, असं वाटलं तुम्हाला."

आठ दिवस त्यांनी नाना परींनी विचार केला होता; पण आपण वहिनींना काय समजत होतो, हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता.

वहिनींनी नळाखाली हात धुतले. "आता ती सगळं करतेय, माझी गरज नाही," त्या म्हणाल्या. "चार आठवड्यांची झाली की मऊ भात आणि मासळी द्या. उघड्या दाराशी जाऊ देऊ नका. दोन महिन्यांच्या आत तिच्यापासून तोडू नका." शटरखालून वाकून त्या बाहेर पडल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत.

भांडणही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मुनव्वरभाईंना वाटायचं. वहिनी बाइंडिंगची गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच "शेजारी जा" म्हणून पाठवत होत्या. एकदा धीर करून ते त्यांच्या काउंटरपाशी जाऊन उभे राहिले. माफी कशी मागायची, त्याचे शब्द त्यांनी रात्रभर जुळवले होते. वहिनींनी चष्मा वर केला. "बोला. किती प्रती?" खिशात बँकेचा कसलासा कागद होता, तो मुनव्वरभाईंनी पुढे केला. दोन प्रती घेतल्या आणि परत आले.

पिल्लं वाढली. एक त्या व्हिडिओवाल्या मुलीने नेलं. दुसरं, काळसर अंगाचं, वहिनींना द्यावं असं मुनव्वरभाईंच्या मनात फार होतं. हुस्नबानूंनी हटकलं. "एक लेके एक देते क्या? ये क्या बाजार है?" ते पिल्लू त्यांनी जावयाकडे दिलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ते कुणाला न सांगता मार्केट यार्डात गेले. भुसाराचे गाळे बंद होते. मागच्या बाजूला एक म्हातारे हमाल विडी ओढत बसले होते, त्यांना विचारलं. "आठ वर्षांपूर्वी? काळी मांजर?" हमालांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मालक, इथं मांजरं शेकड्यानं हायती. येत्यात, जात्यात. तुम्ही कुठली म्हणून सांगू?" मुनव्वरभाई तासभर गाळ्यांमधून हिंडले. येताना स्कूटर त्यांनी स्वारगेटच्या रस्त्याने न आणता लांबच्या रस्त्याने आणली.

पावसाळा सरता सरता कळलं की वहिनी दुकान विकून वाघोलीला मुलीकडे, ऋतुजाकडे, राहायला चालल्या आहेत. ज्या दिवशी टेम्पो लागला, त्या दिवशी गल्लीतले सगळे जमले होते. मुनव्वरभाईंनीही हात लावला. झेरॉक्सचं जुनं मशीन त्यांनी आणि टेम्पोवाल्याने मिळून वर चढवलं. वहिनींनी नको म्हटलं नाही. सामान भरून झाल्यावर त्या एकेकाचा निरोप घेत निघाल्या. चहावाल्याचा, इस्त्रीवाल्याचा, समोरच्या वह्यांच्या दुकानातल्या बाईंचा. "येते हं," असं प्रत्येकाला म्हणाल्या. निघताना आपल्याकडे असंच म्हणतात. परत यायचं असो वा नसो, तोंडातून दुसरा शब्द काढत नाहीत.

शेवटी त्या बाइंडिंगच्या दुकानापाशी थांबल्या. मुनव्वरभाई पायरीवर उभे होते. दोन्ही हात त्यांनी स्वच्छ धुतले होते.

"जाते, मुनव्वरभाई," वहिनी म्हणाल्या.

आणि टेम्पोवाल्याशेजारी चढून बसल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, लोक पांगले. आत मशीनखाली एक प्रबंध अर्धवट कापून तसाच राहिला होता. मुनव्वरभाई बराच वेळ पायरीवरच उभे राहिले.